हँडिकॅपमध्ये न दिसणारे बारा राउंड

प्रश्न असा आहे: "माझी मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत आहे. पुण्यात गोल्फ खेळते, हँडिकॅप प्लस एक. अदिती अशोक सतराव्या वर्षी प्रो झाली, मग मी का नाही, असं ती विचारते. तिचे बाबा म्हणतात, आधी अमेरिकेतलं कॉलेज, मग बघू. घरात रोज यावरून वाद होतात. मला स्वतःला गोल्फ फारसं कळत नाही. तरुण प्रो गोल्फरचं करिअर नेमकं चालतं कसं, आणि आम्ही काय बघून ठरवावं?"

ताई, तुम्हाला गोल्फ कळत नाही म्हणता, पण शेवटचा प्रश्न तुम्ही नेमका विचारलाय. बहुतेक पालक "ती प्रो होईल का" असं विचारतात. "काय बघून ठरवावं" हे फार कमी जण विचारतात. मी अकरा वर्षं प्रो म्हणून खेळलो आणि त्याहून जास्त वर्षं शिकवतोय. तेवढ्या अनुभवावर सांगतो.

पहिल्यांदा तिच्या हँडिकॅपबद्दल. गोल्फमध्ये जितके कमी शॉट तितकं चांगलं, आणि पार म्हणजे होलसाठी किंवा कोर्ससाठी ठरलेली शॉटची संख्या. प्लस एक म्हणजे पारपेक्षाही साधारण एक शॉट चांगलं. उत्तमच आहे, मुलीचं कौतुक. पण हा आकडा कसा येतो ते समजून घ्या. 2020 पासून जी पद्धत जगभर लागू आहे, तिच्यात खेळाडूचे शेवटचे वीस राउंड (एक राउंड म्हणजे अठरा होल) घेतात, त्यातले सर्वांत चांगले आठ निवडतात आणि त्यांची सरासरी काढतात. उरलेले बारा धरतच नाहीत. म्हणजे हँडिकॅप सांगतो की तुमची लेक चांगल्या दिवशी काय करू शकते. स्पर्धेत मात्र एकही दिवस वगळता येत नाही. गुरुवारी 70 मारले आणि शुक्रवारी 79, की शनिवारी बॅग गाडीत टाकून घरी. चांगल्या दिवशी कोर्सवरचे सगळेच चांगलं खेळतात. प्रो गोल्फरचं घर चालतं ते वाईट दिवशी आलेल्या स्कोअरवर, म्हणजे त्या बारा राउंडवर.

हे मी स्वतः किंमत मोजून शिकलो. माझाही हँडिकॅप प्लसमध्ये होता. क्लबातले सगळे काका खांद्यावर हात टाकून म्हणायचे, "आता काय, टूर!" पहिल्याच मोसमात सलग सात कट चुकले. कट म्हणजे दोन दिवसांनंतरची चाळणी: स्कोअर पुरेसा नसेल तर पुढचे दोन दिवस खेळता येत नाहीत. त्यातला पाचवा मला अजून जसाच्या तसा दिसतो. शुक्रवार संध्याकाळ, छत्तिसावा होल, पार मारला की कट पार. दुसरा शॉट ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पिनपासून (होलमधल्या झेंड्याच्या काठीपासून) वीस फुटांवर. पहिला पट, म्हणजे ग्रीनवर होलकडे ढकललेला बॉल, उताराचा होता, चार फूट पुढे गेला. चार फूट! रोज संध्याकाळी असे शंभर टाकायचो. ग्रीनच्या कडेला माझ्याच गावचा कॅडी फ्लॅगस्टिक धरून उभा होता, आणि माझ्या डोक्यात आकडा फिरत होता: हा गेला नाही तर परतीच्या गाडीचे पैसे कुठून आणायचे. बॉल होलच्या उजव्या कडेवरून फिरून बाहेर आला. पटिंगचा हात बिघडला नव्हता. पैशाच्या विचाराने मनगट आवळलं होतं.

आता अदितीबद्दल, कारण तुमची लेक तिचं नाव घेते आणि योग्यच नाव घेते. पण तिची गोष्ट सगळी ऐकायला हवी, फक्त मथळे नाही.

अदितीचा जन्म बंगळुरूचा, मार्च 1998 चा. घरात कुणी गोल्फ खेळत नव्हतं. कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या कोर्सशेजारी हे कुटुंब नाश्त्याला जायचं, तिथून पाच-साडेपाच वर्षांच्या पोरीने लोकांना बॉल मारताना पाहिलं आणि तिला तेच करावंसं वाटलं. पुढे 2015 मध्ये ब्रिटिश लेडीज अॅमॅच्युअर स्ट्रोकप्ले ही स्पर्धा तिने जिंकली. त्याच वर्षाअखेर मोरोक्कोत लेडीज युरोपियन टूरची पात्रता स्पर्धा, ज्याला आम्ही क्यू-स्कूल म्हणतो, तीही जिंकली. आणि 1 जानेवारी 2016 ला ती प्रो झाली. तुमची लेक "सतराव्या वर्षी प्रो झाली" म्हणते ते हेच. पण क्रम बघा. आधी टूरचं कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा परवाना, हातात आलं, मग ती प्रो झाली. आधी प्रो होऊन मग कार्डामागे धावली नाही. हौशी खेळाडू म्हणून क्यू-स्कूल खेळता येते. जमली नाही तर हौशी म्हणूनच परत येता येतं, काही बिघडत नाही. हा एक मुद्दा तरी तिला जरूर दाखवा.

मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिक. अदिती अठरा वर्षांची, बॅग वडिलांच्या खांद्यावर. पहिले दोन दिवस 68 आणि 68. सगळा भारत, ज्याला बोगी म्हणजे काय ठाऊक नव्हतं तोसुद्धा, टीव्हीसमोर बसला. पुढचे दोन दिवस 79 आणि 76. शेवटी एक्केचाळिसावी. सलग दोन दिवस 68 मारणारी मुलगी तिसऱ्या दिवशी 79 मारते, कारण ती अठराची आहे, कोर्स ऑलिंपिकचा आहे आणि वारा सुटलाय. हे होतंच. मला त्या चार आकड्यांपेक्षा त्यानंतरचे तीन महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. नोव्हेंबरमध्ये गुरुग्रामच्या डीएलएफ कोर्सवर, जो देशातल्या सर्वांत छळणाऱ्या कोर्सांपैकी एक आहे, तिने विमेन्स इंडियन ओपन जिंकली. लेडीज युरोपियन टूरवर जिंकणारी ती पहिली भारतीय. दोन आठवड्यांत कतारमध्ये पुन्हा जिंकली. त्या वर्षी टूरवरची सर्वोत्तम नवोदित तीच ठरली.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. त्यापुढची फारसं कुणी सांगत नाही. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये अबू धाबीला तिसरं विजेतेपद मिळालं. चौथं मिळालं 2023 च्या फेब्रुवारीत, केनियात. मध्ये सव्वापाच वर्षं. या काळात ती अमेरिकेतल्या एलपीजीए टूरवर खेळत होती, म्हणजे जगातल्या सर्वांत कठीण ठिकाणी, आणि एकही चषक घरी आला नाही. दर सोमवारी नवं शहर, नवं गवत, नवी यार्डेज बुक. कधी कट पार, कधी नाही. तुमच्या लेकीला विचारा, वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून चोविसाव्यापर्यंत एकही ट्रॉफी न उचलता रोज सकाळी सहाला रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, उभी राहशील का? ती "हो" म्हणेल, सोळाव्या वर्षी सगळेच म्हणतात. तिने उत्तर काय दिलं त्यापेक्षा उत्तर द्यायला किती वेळ घेतला ते बघा.

आणि या कोरड्या वर्षांच्या मध्येच टोकियो आलं. ऑगस्ट 2021, कासुमिगासेकीचा कोर्स, जागतिक क्रमवारीत अदिती दोनशेवी. त्याआधी तिला कोविड होऊन गेला होता, अंगातली ताकद ओसरली होती, ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबने, बॉल आधीपेक्षा कमी जात होता. अंतरात ती त्या साठ खेळाडूंमध्ये अगदी तळाच्या गटात होती. बॅग या वेळी आईच्या खांद्यावर. ताई, म्हणूनही मला तुम्हाला हे सांगावंसं वाटतं. तिने चार दिवसांत मारले 67, 66, 68, 68. पंधरा अंडर, म्हणजे पारपेक्षा पंधरा शॉट कमी. अमेरिकेच्या नेली कोर्डाचं सुवर्ण सतरा अंडरला, रौप्य आणि ब्रॉन्झ सोळाला. एका शॉटने पदक हुकलं.

मी ते चारही दिवस वही घेऊन पाहिले होते. माझे विद्यार्थी अजून त्या वहीवरून शिकतात. कोर्डाच्या हातात दुसऱ्या शॉटला छोटी आयर्न असायची तिथे अदितीच्या हातात लांबून मारायचा हायब्रिड असायचा. बॉल ग्रीनच्या कडेला, कधी बाहेर. मग चिप, म्हणजे ग्रीनजवळून उचललेला छोटा शॉट, मग सहा-आठ फुटांचा पट, आणि तो आत. पुन्हा पुढच्या होलला तेच. टीव्हीवर हे कंटाळवाणं दिसतं. पण मला तो तिचा वाईट दिवसच दिसत होता, चार दिवस लांबलेला, कारण तिचा सर्वांत मोठा क्लब चालत नव्हता. आणि त्या वाईट दिवसाचा स्कोअर होता 67. बारा राउंड म्हणतो ते हेच. एक हत्यार बोथट झालं की बाकीच्यांवर घर चालवता येतं का?

पण कुणी असं समजू नये की एकदा हे जमलं की कायमचं जमलं. 2023 च्या शरदात हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत अदितीने तिसऱ्या दिवशी 61 मारले. 61! सात शॉटची आघाडी घेऊन ती शेवटच्या दिवशी टी-ऑफ झाली आणि 77 आले. सुवर्ण थायलंडला गेलं, तिला रौप्य. हातातोंडाशी आलेला घास. तरी आशियाई स्पर्धेत गोल्फचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. आणि नोव्हेंबरच्या अखेरीस ती स्पेनची ओपन जिंकली. रिओनंतर तीन महिने, हांगझोऊनंतर दोन. पडल्यावर उठायला तुमच्या लेकीला किती वेळ लागतो ते बघत जा. तरुण खेळाडूत मी स्विंगच्याही आधी हे बघतो.

मुलग्यांचं उदाहरण हवं असेल तर शुभंकर शर्मा. तो तर सोळाव्या वर्षी प्रो झाला, 2013 मध्ये. चार वर्षं देशातल्या आणि आशियातल्या टूरवर घासला, मग डिसेंबर 2017 मध्ये जोहान्सबर्गची आणि फेब्रुवारी 2018 मध्ये मलेशियाची स्पर्धा जिंकली. लगेच मेक्सिकोतल्या स्पर्धेत तीन दिवसांचा खेळ संपला तेव्हा जगातल्या सगळ्या मोठ्या नावांच्या पुढे. ऑगस्टाचं, म्हणजे मास्टर्स स्पर्धेचं, खास आमंत्रण आलं, तिथे कट चुकला. त्याचा मेजरमधला, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांमधला, सर्वांत चांगला निकाल, ब्रिटिश ओपनचा संयुक्त आठवा क्रमांक, आला 2023 मध्ये. म्हणजे "उगवता तारा" म्हणून पेपरात फोटो छापून आल्यावर पाच वर्षांनी. वर्तमानपत्रातला आलेख सरळ वर जातो, खऱ्या करिअरचा नाही.

आता पैसे, कारण यावर कुणी नीट बोलत नाही आणि घरं यातच मोडतात.

आपल्या देशात पुरुषांच्या एक कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला साधारण पंधरा लाख मिळतात. लेडीज युरोपियन टूरवर तीन लाख युरोची स्पर्धा असली तर विजेतीला पंचेचाळीस हजार. ऐकायला छान. पण बक्षिसाची उतरंड फार तीव्र असते. पहिल्या दहांत आलात तर बरं, तिसाव्या असाल तर खर्च कसाबसा निघतो, आणि कट पार करून शेवटी आलात तर विमानाचं तिकीटही सुटत नाही. कट चुकला तर शून्य. क्रिकेटसारखी मॅच फी नाही, पगार नाही. प्रवेश फी, प्रवास, हॉटेल, जेवण, कॅडीचा आठवड्याचा पगार, शिवाय बक्षीस मिळालं तर त्यातले पाच ते दहा टक्के कॅडीचे. परदेशातला एक आठवडा दोन-अडीच लाखांच्या आत बसवायला मला तरी फार कसरत करावी लागली. मोसमात अशा वीस स्पर्धा धरा आणि आकडा तुमच्या तुम्हीच मांडा, इथे लिहवत नाही.

म्हणून माझा नियम आहे, आणि यावर मी हट्टी आहे: दोन मोसमांचा पूर्ण खर्च वेगळा ठेवलेला असल्याशिवाय मुलांना प्रो करू नका. घर गहाण टाकून तर नाहीच. माझ्या वडिलांनी गावची जमीन विकली होती. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या चार फुटांच्या पटमागे ती जमीन उभी होती. "पाण्यात पडलं की पोहता येतं" असं लोक सांगतात. पायाला दगड बांधलेल्याला नाही येत.

प्रायोजकांच्या बाबतीत एक दिलासा आहे. जानेवारी 2022 पासून हौशी खेळाडूंचे नियम सैल झालेत. आता हौशी राहूनही जाहिरात करता येते, प्रायोजकाकडून खर्च घेता येतो, बक्षिसाच्या रकमेवर मात्र मर्यादा आहे. "प्रायोजक हवा म्हणून प्रो व्हावं लागेल" हे कारण पूर्वी खरं होतं, आता नाही. कुणी एजंट असं सांगत आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मग अमेरिका? तिच्या बाबांचं म्हणणं मला पटतं, पण त्यांचं कारण बहुधा वेगळं असेल. त्यांना डिग्री हवी आहे, हातात काहीतरी असावं म्हणून. मला कॉलेज आवडतं ते तिथल्या पद्धतीमुळे. कॉलेजच्या संघात साधारण आठ-दहा खेळाडू असतात, स्पर्धेला पाच जातात आणि प्रत्येक राउंडला चारांचे स्कोअर धरले जातात. म्हणजे आठवड्याला आपसातच पात्रता खेळून त्या पाचांत यायचं. हा दबाव खराच असतो. आणि तरी एखाद्या दिवशी 80 आले तर संघ सावरून घेतो, तुमच्या खात्यातून काही जात नाही. वाईट दिवस कसा खेळायचा हे शिकायला यापेक्षा स्वस्त जागा मला माहीत नाही. स्वीडनचा लुडविग ओबेरी टेक्सास टेकमध्ये पूर्ण चार वर्षं खेळला, जून 2023 मध्ये प्रो झाला, सप्टेंबरमध्ये स्वित्झर्लंडला जिंकला आणि त्याच महिनाअखेर रोममध्ये रायडर कप, म्हणजे युरोप विरुद्ध अमेरिका सामना, खेळला, एकही मेजर न खेळता. पुढच्या एप्रिलमध्ये पहिल्याच मेजरमध्ये, ऑगस्टाला, दुसरा आला. लोक म्हणाले अचानक कुठून आला. अचानक नव्हता आला, त्याचे वाईट राउंड कॉलेजात खेळून झाले होते.

पण कॉलेज सगळ्यांना मानवतं असंही नाही. माझी एक विद्यार्थिनी दीड वर्षात परत आली. थंडी, एकटेपणा, आणि कोचने स्विंग बदलायला लावला. परत आल्यावर तिला पूर्वीचा हात सापडायला वर्ष गेलं. तेव्हा कॉलेज निवडताना नावापेक्षा कोचशी दोन-तीनदा नीट बोला, आणि "तुम्ही तिचा स्विंग बदलणार का" हे सरळ विचारा. दहावीनंतरच्या जूनपासून अमेरिकेतले कोच मुलांशी थेट बोलू शकतात, म्हणजे तुमचा वेळ सुरू झालेला आहे. ते हँडिकॅप बघत नाहीत. स्पर्धांमधले स्कोअर आणि जागतिक हौशी क्रमवारी बघतात. या वर्षी तिला राष्ट्रीय हौशी स्पर्धा जितक्या जमतील तितक्या खेळू द्या, आणि त्याही पुण्याबाहेर. येरवड्याच्या कोर्सवर तिला प्रत्येक उतार पाठ असेल. कोलकात्याचं गवत आणि बंगळुरूचा वारा तिला अजून ओळखत नाहीत.

पुण्यात राहून होणार नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. अनिर्बन लाहिरीचा जन्म पुण्याचा, उदयन माने पुण्याचाच, आणि तो टोकियोला ऑलिंपिक खेळून आला. अडचण आहे ती कोर्स कमी असण्याची, क्लबात ज्युनियरांना वेळ मिळण्याची, आणि पावसाळ्याची. पण पावसाळ्याचं मी उलट सांगेन. जुलैत फेअरवे ओला असतो, बॉल गडगडत नाही, रफ, म्हणजे कडेचं वाढलेलं गवत, ओलं आणि जड. पोरं घरी बसतात. तिला त्याच वेळी बाहेर काढा. ड्रायव्हर बॅगेत ठेवा, फक्त वेजेस (जवळून बॉल उचलायचे क्लब) आणि पटर. ओल्या गवतातून चिप करून पार वाचवायला शिकली तर ते तिला कुठल्याही देशात उपयोगी पडेल. माझ्याकडचे जुने कॅडी, जे अनवाणी पायांनी या कोर्सवर खेळून मोठे झाले, ते अजून तिच्या वयाच्या पोरांना ग्रीनभोवती हरवतात. त्यांच्यातल्या एखाद्याबरोबर तिला आठवड्यातून एक संध्याकाळ पाठवा. "बेटा, पिन विसर, बॉल जिथून पार निघेल तिथे ठेव," हे वाक्य मी ज्यांच्याकडून पंचविसाव्या वर्षी ऐकलं ते तिला सोळाव्या वर्षी ऐकायला मिळेल.

आता ठरवायचं कसं. तिचे शेवटचे वीस राउंड काढा, जमेल तितके स्पर्धेतले. चांगले आठ बाजूला ठेवा, ते तिला खूश करायला आहेत. उरलेले बारा टेबलावर मांडा आणि दोन गोष्टी लिहा. एक, त्या बारांची सरासरी. दोन, प्रत्येक स्कोअरकार्डात डबल बोगी (होलच्या पारपेक्षा दोन शॉट जास्त) किंवा त्याहून वाईट किती, आणि त्याच्या पुढच्या होलला काय झालं. डबलनंतर लगेच दुसरी डबल येत असेल तर ती अजून लहान आहे, एवढाच त्याचा अर्थ, काळजी नको. पार 72 च्या कोर्सवर बारांची सरासरी 75 च्या आसपास असेल, डबलनंतरचा होल बहुतेक वेळा पार असेल आणि दोन मोसमांचे पैसे बाजूला असतील, तर बारावीनंतर हौशी म्हणून क्यू-स्कूलचा एक प्रयत्न करायला मी स्वतः तिच्याबरोबर येईन. 77-78 च्या वर असेल तर कॉलेजचे फॉर्म भरायला घ्या. मधे असेल तर एक मोसम थांबा, आणि पुढच्या दिवाळीत हीच बारा कार्डं पुन्हा मांडा.

कार्डं मांडताना तिलाच मांडू द्या. तुम्ही शेजारी बसा, बोलू नका. कुठलं कार्ड ती पटकन उलटं ठेवते ते फक्त बघून घ्या, आणि मला त्याच राउंडबद्दल लिहा.